सागरतळाची सफर : सामान, सोय आणि सावधानता

बेंगळुरूतील चामराजपेट ही १८९२ साली वसलेली जुनी वसाहत समुद्रापासून कितीतरी दूर आहे. तरीही आज तेथील एखाद्या मराठी घरातून सुटीचा बेत ठरताना स्कूबा डायव्हिंगचे नाव निघाले, तर कोणाला फारसे नवल वाटत नाही. मुरुडेश्वरजवळील नेत्राणी बेटावर किंवा मालवणजवळील तारकर्लीला या छंदाचा श्रीगणेशा करायचा आणि रीतसर प्रमाणपत्र मिळाल्यावर मालदीवच्या ‘लिव्हअबोर्ड’ सफरीस निघायचे, असा क्रम अनेकांच्या मनात असतो. या सफरीत प्रवासी आठवडाभर बोटीवरच राहतात, जेवतात, झोपतात आणि दिवसातून तीन-चार वेळा पाण्यात उतरतात.

अशा बोटीवर दुकान नसते, औषधविक्रेता नसतो आणि एटीएमही नसते. म्हणून सामान भरताना एकच कसोटी लावावी : जे बोटीवर मिळेल ते घरी ठेवावे, जे मिळणार नाही ते आठवणीने घ्यावे.

सामान : मोजके, पण नेमके

बोटीवरील खोली लहान असते. कडक सुटकेस ठेवण्यास जागा नसते; घडी होणारी कापडी बॅग पलंगाखाली सहज सरकते. पोहण्याचे दोन पोशाख, सुती कपड्यांचे दोन-तीन जोड आणि रात्रीच्या वाऱ्यासाठी एक विंडचीटर पुरेसा होतो. बहुतेक बोटींवर अनवाणीच वावरतात, त्यामुळे पादत्राणांचा एकच जोड न्यावा. हवेची नळकांडी व शिशाची वजने बोटीवर असतात. पोशाख आणि पायातील पंखेही भाड्याने मिळू शकतात.

मास्क मात्र स्वतःचा असावा. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवून नाकाने श्वास आत ओढावा; हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला, तर तो बेताचा समजावा. चष्मा असणाऱ्यांना नंबरच्या काचांचा मास्क मिळतो. मास्क, डाइव्ह कॉम्प्युटर, प्रमाणपत्र आणि औषधे हातातील बॅगेतच ठेवावीत. विमानात टाकलेली बॅग उशिरा आली, तर बोट तिच्यासाठी थांबत नाही.

सोय : शरीराची काळजी

बोटीच्या मध्यभागाजवळची, खालच्या मजल्यावरील खोली कमी डोलते. बोट लागण्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून, गुंगी न आणणारे औषध बोट सुटण्यापूर्वीच घ्यावे. मालदीवचे पाणी साधारण २७ ते ३० अंश सेल्सिअस असते. परंतु पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने शरीराची उष्णता खेचून घेते. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवशी थंडी जाणवू लागते. ३ मिलिमीटर जाडीचा पोशाख तेव्हा उपयोगी पडतो. कान कोरडे ठेवावेत, भरपूर पाणी प्यावे आणि सर्दी असल्यास पाण्यात उतरण्याचा मोह टाळावा.

सावधानता : बॅटरी आणि विमा

२ सप्टेंबर २०१९ रोजी पहाटे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ‘कन्सेप्शन’ या डायव्हिंग बोटीला आग लागून खालच्या मजल्यावर झोपलेले ३४ जण मृत्युमुखी पडले. आगीचे कारण निश्चित होऊ शकले नाही. मात्र रात्रीची गस्त नव्हती आणि बाहेर पडण्याचे दोन्ही मार्ग एकाच दालनात उघडत होते, हे चौकशीत स्पष्ट झाले. बोटीवर पाऊल ठेवताच रात्री पहारा असतो का, दुसरा मार्ग कोठे निघतो, हे विचारण्यात संकोच कसला? कॅमेऱ्याच्या व टॉर्चच्या लिथियम बॅटऱ्या रात्री झोपेत चार्जिंगला लावून ठेवू नयेत. विमानप्रवासात सुट्या बॅटऱ्या हातातील बॅगेतच न्याव्यात.

प्रवास विमा काढताना साहसी क्रीडाप्रकार वगळलेले नाहीत ना, खोलीची मर्यादा किती आणि दाबकक्षातील उपचारांचा खर्च मिळतो का, हे पॉलिसीत वाचूनच सही करावी. फॉरेक्स कार्डासोबत थोडे रोख अमेरिकन डॉलर ठेवावेत. पासपोर्ट व पॉलिसी यांची एकेक प्रत घरच्यांकडे द्यावी.

परतीचा रिकामा दिवस

पाण्याखालच्या दाबामुळे शरीरात नायट्रोजन विरघळतो. सोड्याच्या बाटलीचे बूच झटकन उघडावे, तसा बाहेरील दाब एकाएकी कमी झाला, तर या वायूचे बुडबुडे होऊन सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत विकार संभवतात. म्हणून डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेचा सल्ला असा, की एकाच साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास विमानप्रवास करू नये.

बेंगळुरूकरांसाठी येथे एक विशेष मुद्दा आहे. हा सल्ला केवळ विमानाला नव्हे, तर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरपेक्षा उंच जाण्यालाही लागू होतो. आणि बेंगळुरू सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. नेत्राणीला दुपारपर्यंत दोन डाइव्ह करून त्याच संध्याकाळच्या बसने घाट चढणारा प्रवासी अवघ्या आठ-दहा तासांत ही उंची गाठतो. एक रजा वाचवण्यासाठी पत्करलेला हा धोका अगदीच महागडा ठरू शकतो.

यास्तव मालदीव असो वा मुरुडेश्वर, तिकीट काढतानाच परतीपूर्वीचा एक दिवस किनाऱ्यावर मोकळा ठेवावा. बॅगेत त्याला जागा लागत नाही. पण सर्व सामानात तोच सर्वांत मोलाचा आहे.