मोटारीचे ‘एबीएस’ ब्रेक : त्यांचें कार्य व चालकांचे गैरसमज

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या एका सभासद बंधूंवर जो प्रसंग ओढवला तो प्रथम सांगणें अवश्य आहे. हे गृहस्थ जुन्नर तालुक्यांतील बागायतदार. कल्याणच्या बाजारांतील हिशेब पुरा करून, आपल्या नव्या मोटारींतून ते सहकुटुंब माळशेज घाटानें परत येत होते. घाट चढून मोटार माथ्यावरील सपाट रस्त्याला लागली होती, व नुकतीच पावसाची पहिली सर येऊन गेली होती. इतक्यांत एक म्हैस अकस्मात् रस्त्यावर आली. त्यांनीं सर्व बळ एकवटून ब्रेक दाबला. त्याबरोबर ब्रेकचा पेडल पायाखालीं थरथरूं लागला, व खालून घरघर असा आवाज आला. ब्रेक मोडला अशी त्यांची समजूत होऊन त्यांनीं पाय उचलला. पुन्हां पाय पडेपर्यंत मोटार रस्ता सोडून चरांत गेली होती. म्हैस वांचली, परंतु त्यांच्या पत्नीचा हात मोडला, व तो ऐन लावणीचा हंगाम त्या घरास फार जड गेला.

मोटार कारखान्यांत नेऊन तपासली तेव्हां ब्रेकमध्यें कोणताहि दोष आढळला नाहीं. ती थरथर हें यंत्र बिघडल्याचें लक्षण नसून, तें आपलें काम करीत असल्याचें लक्षण होतें. ही हकीकत समजल्यावर आम्हीं मोटार बाळगणाऱ्या इतर सभासदांकडे चौकशी केली. ‘आमच्या गाडीला एबीएस आहे’ असें बहुतेकांनीं अभिमानानें सांगितलें. परंतु तें काय करतें हें सांगणारे थोडेच निघाले. बैलाची खोड ओळखल्यावांचून त्याला गाडीला जुंपणारा शेतकरी विरळा; मग ज्या यंत्रावर आपण मुलाबाळांचा जीव सोंपवितों त्याची खोड ओळखूं नये हें बरें नव्हे. सबब या विषयाचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

चाक जाम झाल्यानें काय होतें ?

मोटार थांबते ती ब्रेकमुळें, असें आपण बोलतों. वस्तुतः ब्रेक फक्त चाकाचें फिरणें आवरतो. मोटारीला थांबवितो तो रस्ता. टायर व रस्ता यांमध्यें जी पकड असते तिच्याच जोरावर धांवत्या मोटारीचा वेग मोडतो. ही पकड अमर्याद नसते. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती चांगली असते, ओल्या रस्त्यावर कमी होते, आणि चिखलावर व बारीक खडीवर तर फारच थोडी उरते.

धान्याचें भरलेलें पोतें जमिनीवरून ढकलून पाहावें. तें जागचें हलविण्यास जोर अधिक लागतो. एकदां घसरूं लागलें म्हणजे त्याहून कमी जोर पुरतो. टायरचेंहि बरेंचसें असेंच आहे. चाक फिरत असतां त्याचा रस्त्याला टेकलेला भाग रस्त्याला धरून असतो. ब्रेक फार जोरानें दाबला म्हणजे चाक जाम होतें, म्हणजे फिरावयाचें थांबतें, पण मोटार धांवतच असते. मग टायर रस्त्यावरून नुसता खरडत जातो व पकड घटते. प्रयोगांवरून असें ठरलें आहे कीं, डांबरी रस्त्यावर सर्वांत चांगली पकड मिळते ती चाक मोटारीच्या वेगापेक्षां शेंकडा दहा ते वीस इतकें मंद फिरत असतां. म्हणजे मोटार शंभर हात पुढें गेली, तर चाक ऐंशी ते नव्वद हातांइतकेंच फिरावें.

याहूनहि मोठी हानि दुसरीच आहे. पुढचीं चाकें जाम झालीं म्हणजे मोटार वळविण्याची शक्ति नाहींशी होते. सुकाणूचें चाक कितीहि फिरविलें तरी मोटार पूर्वीच्याच दिशेनें सरळ घसरत जाते, कारण वळविण्याचें काम फिरत्या चाकाकडूनच होतें. मागचीं चाकें आधीं जाम झालीं तर मोटारीचा मागील भाग बाजूला फेंकला जाऊन ती आडवी फिरते. एबीएसची योजना आहे ती या दोन संकटांवर.

यंत्राची रचना व कार्य

या यंत्राचे मुख्य भाग तीन. पहिला भाग म्हणजे चाकाचा वेग मोजणारें साधन. प्रत्येक चाकाच्या आंसाजवळ चाकाबरोबर फिरणारें एक दांतेरी कडें व त्याच्या शेजारीं एक वेगदर्शक बसविलेला असतो. दांते पुढून सरकत असतां त्यांत विजेचे स्पंद उत्पन्न होतात, व त्यांवरून चाक किती वेगानें फिरतें तें कळतें. दुसरा भाग म्हणजे हे स्पंद वाचून निर्णय करणारी विद्युत्-पेटी. तिसरा भाग म्हणजे ब्रेकच्या तेलाचा दाब कमीअधिक करणाऱ्या झडपा व त्यांना जोडलेला लहान पंप.

चालकानें ब्रेक जोरानें दाबला आणि एखाद्या चाकाचा वेग इतरांच्या मानानें एकाएकीं उतरूं लागला, तर तें चाक आतां जाम होणार हें पेटी ओळखते. ती प्रथम त्या चाकाकडे जाणाऱ्या तेलाची झडप बंद करून दाब आहे तेथेंच रोखते; तेवढ्यानें भागलें नाहीं तर दुसरी झडप उघडून दाब कमी करते; चाक पुन्हां फिरूं लागतांच दाब पूर्ववत् वाढविते. रोखणें, सोडणें व पुन्हां दाबणें हा क्रम एका सेकंदांत दहा-पंधरा वेळांपर्यंत चालतो. मनुष्याच्या पायाला हें साधणें शक्य नाहीं. शिवाय पाय चारी चाकांचा ब्रेक एकदमच कमीअधिक करतो, हें यंत्र मात्र ज्या चाकाला जरूर त्याचाच दाब बदलतें. दाबांतील हे चढउतार तेलाच्या नळ्यांतून परत पेडलापर्यंत येतात, व तीच ती थरथर. घरघर ऐकूं येते ती पंपाची व झडपांची.

ही कल्पना प्रथम विमानांकरितां निघाली. फ्रान्समधील विमान-कारखानदार गाब्रिएल व्हॉइझां यांनीं १९२० नंतरच्या दशकांत तसे प्रयत्न केले. पुढें १९६६ सालीं इंग्लंडांतील जेन्सन एफएफ या मोटारीवर यांत्रिक पद्धतीचें असें साधन बसविण्यांत आलें, आणि १९७८ सालीं बॉश व मर्सिडीज-बेंझ या जर्मन कारखान्यांनीं चारी चाकांवर चालणारी विद्युत्-नियंत्रित पद्धत बाजारांत आणली. आपल्या देशांत एप्रिल २०१९ पासून विक्रीस येणाऱ्या नव्या मोटारींस, तसेंच १२५ घनसेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या दुचाकींस, हें साधन आवश्यक ठरविण्यांत आलें. त्यामुळें आपणां शेतकऱ्यांच्या घरींहि तें आपोआपच आलें आहे. त्याचें शिक्षण मात्र आलें नाहीं.

चालकांचे गैरसमज

पहिला गैरसमज थरथरीचा. तो वर सांगितलाच आहे. पेडल थरथरला कीं पाय उचलावयाचा नाहीं. उलट अधिक घट्ट दाबून मोटार थांबेपर्यंत तसाच ठेवावयाचा.

दुसरा गैरसमज ब्रेक तोडून तोडून मारण्याचा. जुन्या मोटारींवर शिकलेले चालक ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबून सोडीत, पुन्हां दाबीत. त्या मोटारींना तें योग्यच होतें. एबीएस असलेल्या मोटारींत मात्र तेंच काम यंत्र करतें, आणि आपण पाय सोडला तर तेवढा वेळ ब्रेक मुळींच लागत नाहीं. वडील मंडळींनीं तरुणांस जुनी रीत शिकवितांना हा भेद अवश्य ध्यानांत घ्यावा.

तिसरा गैरसमज असा कीं, एबीएसमुळें मोटार नेहमीं कमी अंतरांत थांबते. ओल्या डांबरी रस्त्यावर हें बहुधा खरें ठरतें. परंतु मुरूम, सैल खडी किंवा भुसभुशीत माती यांवर उलट अनुभव येतो. वखर ओढतांना पासेपुढें माती सांचून वखर जड होतो, हें आपण रोज पाहतों. जाम झालेलें चाकहि सैल जमिनींत असेंच रुततें, त्याच्यापुढें मातीचा ढीग सांचतो, व तो मोटारीला अडवितो. एबीएस चाकाला जाम होऊं देत नसल्यानें हा ढीग सांचत नाहीं, व थांबण्यास अंतर अधिक लागतें. शेताच्या कच्च्या रस्त्यावर ही गोष्ट विसरूं नये. तथापि तेथेंहि मोटार वळविण्याची शक्ति कायम राहते, हा लाभ लहान नव्हे.

चौथा गैरसमज सुकाणूविषयीं. ब्रेक दाबलेला असतां मोटार वळवितां येते, हें खरें. परंतु भिऊन सुकाणू एकदम पुरता फिरविणें घातक आहे. चाकें जाम नसल्यानें तीं त्या आज्ञेप्रमाणें खरोखरच वळतात, आणि मोटार समोरच्या संकटांतून सुटून बाजूच्या चरांत किंवा समोरून येणाऱ्या वाहनावर जाते. जितकें जरूर तितकेंच वळावें, व नजर अडथळ्यावर न खिळवितां मोकळ्या वाटेवर ठेवावी.

पांचवा गैरसमज सर्वांत वाईट. तो म्हणजे एबीएस आहे म्हणून वेगानें व जवळून जाण्यास हरकत नाहीं हा होय. जर्मनींतील म्यूनिक शहरांत १९८० नंतरच्या दशकांत भाड्याच्या मोटारींवर एक पाहणी झाली. कांहीं मोटारींना हें साधन होतें, कांहींना नव्हतें. अपघातांच्या संख्येंत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं, कारण साधन असलेले चालक अधिक बेफिकिरीनें मोटार हांकूं लागले होते. यंत्रानें जें दिलें तें वृत्तीनें हिरावून घेतलें.

या बाबतींत थोडें गणित पाहावें. ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदांत सुमारें १७ मीटर जाते. संकट दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद सहज जातो. त्यानंतर कोरड्या चांगल्या रस्त्यावर थांबण्यास सुमारें २० मीटर लागतात, ओल्या रस्त्यावर ३५. म्हणजे ओल्या रस्त्यावर एकूण ५२ मीटर झाले. यांतील पहिले १७ मीटर एबीएस कमी करूं शकत नाहीं. वेग ताशी ४० ठेवला तर हेंच एकूण अंतर २७ मीटरांवर येतें, म्हणजे जवळजवळ निम्में होतें. यास्तव खरा ब्रेक वेगावर आधींच ठेवलेल्या ताब्याचा, हें विसरतां कामा नये.

दुचाकी व ट्रॅक्टर यांविषयीं

दूध घालण्यास जाणाऱ्या दुचाकीस्वारांना हें साधन विशेष उपकारक आहे, कारण दुचाकीचें पुढचें चाक जाम झालें कीं स्वार हटकून पडतो. तथापि पुष्कळ दुचाकींना तें पुढच्या चाकापुरतेंच असतें. मागचें चाक जाम होऊं शकतें. शिवाय वळणावर दुचाकी कललेली असतां साध्या एबीएसवर विसंबूं नये; ब्रेक वळणाच्या आधींच लावावा. कॅनचें ओझें दोन्ही बाजूंस सारखें असावें.

ट्रॅक्टरला सामान्यतः हें यंत्र नसतें. शेतांत वळण्यासाठीं त्याला डाव्या व उजव्या चाकाचे दोन निराळे ब्रेक असतात. रस्त्यावर येण्यापूर्वीं दोन्ही पेडल खिटीनें जोडून घेतले नाहींत, तर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर आडवा होतो. मागें उसाची भरलेली ट्रॉली असेल तर ती त्याला पुढें ढकलते. मोटारीची संवय झालेल्या तरुणांनीं ट्रॅक्टरवर बसतांना ही गोष्ट आवर्जून आठवावी.

निगा व अभ्यास

मोटार सुरू करतांना एबीएसचा पिंवळा दिवा लागून थोड्या वेळानें विझला पाहिजे. कांहीं दुचाकींत तो गाडी थोडी चालल्यावर विझतो. तो लागलेलाच राहिला तर साधे ब्रेक चालतात, परंतु चाक जाम होण्यापासून संरक्षण नाहीं असें समजावें, व गाडी लौकर तपासून घ्यावी. चिखलानें लडबडलेलीं चाकें आंतील बाजूनेंहि धुवावीं, म्हणजे वेगदर्शक स्वच्छ राहतो. टायर झिजलेला असेल तर एबीएस कांहीं करूं शकत नाहीं. आहे ती पकड तें नीट वापरतें, नसलेली निर्माण करीत नाहीं. लांब उतारावर ब्रेक सतत धरून ठेवल्यास तो तापून निकामी होतो. तेथेंहि एबीएसचा उपयोग नाहीं. घाट उतरतांना खालचा गिअर घालून इंजिनाकडून वेग आवरून घ्यावा.

शेवटीं एक सूचना. मोटारीचा ब्रेक पहिल्यानें पूर्ण बळानें दाबण्याची वेळ संकटांतच येऊं नये. मोकळ्या, सरळ रस्त्यावर, मागें पुढें कोणी नसतां, पट्टा बांधून, ताशी तीस-चाळीसच्या वेगानें एकदां ब्रेक पुरता दाबून पाहावा, व ती थरथर पायाला ओळखीची करून घ्यावी. दुचाकीवर मात्र हा प्रयोग करूं नये. आरंभीं सांगितलेल्या बंधूंनीं आतां आपल्या मुलाला व पुतण्यांना अशी संवय करून दिली आहे, आणि त्यांच्याच सांगण्यावरून आम्हीं हा लेख लिहिला. नव्या मोटारी घेणाऱ्या आपल्या सर्व शेतकरी बंधूंनीं पहिला पाऊस पडण्यापूर्वीं तेवढा वेळ काढावा, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.