कोणी पाहत नसता

मरणानंतर साध्या जीवनाचे काय उरते? ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली देवास थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस होते. तेथील गोकुळाष्टमीचा उत्सव त्यांच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ (१९२४) या कादंबरीत उतरला आहे. तीतील वृद्ध मिसेस मूर मशिदीत कोणी पाहत नसता जोडे काढतात, कारण देव तेथे आहे. पुढे सर्वच व्यर्थ वाटून त्या समुद्रप्रवासात मरण पावतात. तरी कडवट झालेला डॉक्टर अझीझ त्यांच्या आठवणीनेच विरघळतो. मत्तय २५:३७ मधील नीतिमानांनाही आपली सत्कृत्ये ठाऊक नव्हती. प्रभूला ठाऊक होती. तेव्हा आपली निराशा हा आपल्या जीवनाचा शेवटचा हिशेब नव्हे. कोणी पाहत नसता आपण काय करतो, हे शिक्षकांनी वर्गात अवश्य विचारावे.