गाडी किधर है?

चाळिशीत जुना कॅमेरा घेतला तेव्हा घरच्यांना वाटलं, आता हा पक्ष्यांचे फोटो काढणार. बदलापुरात राहणारा माणूस. बारवीच्या जंगलाकडे जाईल, धनेश-बिनेश टिपेल. मी उतरलो खाली, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. गाड्यांचं वेड लहानपणापासूनचं. हव्या त्या विकत घेणं झेपण्यातलं नव्हतं, म्हणून फोटो. त्यातलं जे काही जमतं, ते बहुतेक टोमण्यांतून आलेलं आहे.

१. काळी गाडी म्हणजे चार चाकांचा आरसा, हे मला एका डेंटिंग-पेंटिंगवाल्या चाचांनी शिकवलं. त्यांचं गॅरेज उल्हासनगरात, कॅम्प चारच्या एका बोळात. माझ्या काळ्या गाडीचा फोटो मोठा छापून मी कौतुकासाठी त्यांच्याकडे नेला होता. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं. ‘साब, आप हो, आपका पीला टी-शर्ट है, पीछे खंबा है. इसमें गाडी किधर है?’ खरंच, दारात मीच उभा होतो, पोट जरा जास्तच पुढे. मग त्यांनी मला आत नेऊन ट्यूबलाइट लावली. ठोकून, पुट्टी घासून, रंग मारून झालेला दरवाजा ते रंग बघून पास करत नाहीत. त्यात पडलेलं ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघतात. रेघ सरळ तर पत्रा सरळ. रेघ लचकली की पुन्हा घासकाम. तेव्हापासून मी आधी गाडीच्या अंगात काय काय पडलंय ते बघतो. एका बाजूला मोकळं आभाळ असलेली जागा शोधतो, सूर्य बुडाल्यावरची वीसेक मिनिटं धरतो, तेव्हा आख्खं आभाळच ट्यूबलाइट होतं. शर्ट काळा घालतो. पोलरायझर फिल्टरही घेतला. काचेवरची चकाकी तो छान मारतो. पण हौसेनं पूर्ण फिरवला की गाडी रबराची दिसायला लागते. थोडी चमक राहू द्यायची असते, एवढं कळायला मला एक उन्हाळा लागला.

२. आपल्याकडचे डोंगर नैऋत्येला आहेत. हसू नका. दोन वर्षं मी संध्याकाळच्या सोनेरी उन्हाच्या नादानं गाडी घेऊन काटई रस्त्याला जायचो आणि डोंगरही काळा, गाडीही काळी असे फोटो घेऊन परत यायचो. अंबरनाथहून दिसणारा मलंगगड काय, बदलापूरहून दिसणारी ताहुली-चंदेरीची रांग काय, संध्याकाळचा सूर्य त्यांच्याच बाजूला उतरतो. शेवटी दूध टाकणारा मुलगा म्हणाला, ‘काका, चंदेरी सकाळी बघा ना, तांबडी होते.’ तो ती रोज बघत होता. मी त्या वेळी झोपलेला असायचो.

३. गुडघे टेकल्याशिवाय गाडी रुबाबदार दिसत नाही. उभ्यानं काढलेल्या फोटोत दिसतं ते टप. हेडलाइटच्या उंचीला यावं लागतं. भर रस्त्यात असं बसलं की दर दोन मिनिटांनी कोणीतरी विचारतं, ‘काका, काही पडलं का?’ मोबाइलनं जवळून काढलं तर बॉनेट उंटाच्या तोंडासारखं पुढे येतं; दहा पावलं मागे जाऊन झूम केलेलं बरं. आणि पुढचं चाक अशा बाजूला वळवायचं की रिम आपल्याकडे बघेल. उलटं वळवलेलं पाहून मुलगी म्हणाली होती, ‘बाबा, पायाचे तळवे कशाला दाखवताय?’

४. देखण्या जागेपुढे गाडी उभी करू नये. मित्राची नवी लाल गाडी घेऊन अंबरनाथच्या शिवमंदिराजवळ गेलो. शिलालेखातलं साल इसवी सनाच्या हिशेबात १०६०, गाडी आठवड्यापूर्वीची. फोटो पाहून प्रत्येकानं एकच विचारलं, ‘दर्शनाला कधी गेला होतास?’ मित्र अजून जरा नाराज आहे.

५. धावत्या गाडीचा फोटो मी रिक्षांवर शिकलो. स्टेशनबाहेरच्या रस्त्याकडेला उभं राहून शटर १/६० ठेवायचं, रिक्षेबरोबर कॅमेरा फिरवायचा. रिक्षा स्पष्ट, मागची दुकानं फराटा. पहिल्या दिवशी एकशेचाळीस फोटो, बरे तीन. स्टँडवरचा एक चालक रोज गंमत बघायचा. चौथ्या दिवशी म्हणाला, ‘दादा, बटण दाबलं की तुम्ही थांबता. रिक्षा थांबते का?’ क्लिक झाल्यावरही फिरतच राहायचं असतं.

६. माझा सगळ्यात उपयोगी पडलेला फोटो सुंदर नाही. जुलै २०१९. उल्हास नदीचं पाणी चढलं, २७ तारखेला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये हजारभर प्रवाशांसकट अडकली, तेव्हा आमच्या पार्किंगमधल्या गाड्याही बुडाल्या होत्या. पाणी ओसरल्यावर शेजारच्या वहिनींनी विम्यासाठी फोटो काढायला बोलावलं. मी सवयीनं चिखलात गुडघे टेकले, उजेड पडायची वाट बघू लागलो. त्या वरून म्हणाल्या, ‘भावजी, सुंदर नको. चिखल दिसू दे.’ मग काढले: चारी बाजू, नंबर प्लेट, सीटवरचा गाळ, आणि पाणी कुठवर आलं होतं ती दारावरची खूण. क्लेम मिळाला. माझ्या फोटोग्राफीची आजवरची ही एकमेव कमाई, तीही वहिनींची.

पुढे तो दाराचा फोटो चाचांना दाखवला. दारावरच्या चिखलाच्या रेघेवरून त्यांनी बोट फिरवलं. म्हणाले, ‘ये सीधी है.’