विहिरींतील पाण्याचें घनफळ

घनफळाचा पाठ फळ्यावरील चौकटींपेक्षां रोजच्या वस्तूंवरून दिल्यास लवकर ठसतो, असें आम्हांस वाटतें. एक वीट घ्यावी. ती १९ सेंटिमीटर लांब, ९ रुंद व ९ उंच भरली, तर तिहींच्या गुणाकारानें १५३९ घन सेंटिमीटर हें तिचें घनफळ आलें. १००० घन सेंटिमीटर म्हणजे १ लिटर. तेलाचा चौकोनी डबा २३, २३ व ३४ सेंटिमीटर भरला, तर त्यांत सुमारें १८ लिटर पाणी राहील. हिशेब खरा कीं खोटा, हें मुलांनीं लिटरच्या मापानें पाणी ओतून पाहावें. वेड्यावांकड्या दगडास कांठोकांठ भरलेल्या भांड्यांत सोडावें व सांडलेलें पाणी मोजावें, म्हणजे झालें.

गोल वस्तूंत व्यासाच्या अर्ध्यास त्याच अंकानें गुणावें, मग ३.१४ नें व शेवटीं उंचीनें. शलमोनाच्या मंदिरांतील पितळेच्या ‘सागरा’चा व्यास १० हात व परीघ ३० हात असल्याचें १ राजे ७ यांत आहे, तेथें मापें पूर्णांकांत सांगितलीं आहेत, इतकेंच. आपल्या हिशेबास ३.१४ च घ्यावे.

हा पाठ येथें देण्याचें कारण विहीर होय. पावसाळ्याच्या आरंभीं गांवांत पटकी किंवा हगवण दिसूं लागली, म्हणजे विहिरींत ब्लीचिंग पावडर घालण्याचें काम पुष्कळदां उपदेशकावर किंवा शिक्षकावर येतें. ती मुठीनें अंदाजें टाकण्याची चाल फार वाईट. कमी पडली तर रोगबीजें मरत नाहींत; अधिक झाली तर पाण्यास उग्र वास येतो, आणि बाया घागरी घेऊन ओढ्याकडे वळतात.

दोरीस दगड बांधून तळापर्यंत सोडावा व दोरीचा भिजलेला भाग मोजावा; ती पाण्याची खोली. व्यास ३ मीटर व खोली ४ मीटर असेल, तर १.५ गुणिलें १.५ म्हणजे २.२५, त्यास ३.१४ नें गुणून ७.०६५, त्यास ४ नें गुणून २८.२६ घन मीटर. एका घन मीटरांत १००० लिटर, म्हणून पाणी २८,२६० लिटर झालें. चांगल्या ताज्या पावडरीचें प्रमाण दर हजार लिटरांस सुमारें अडीच ग्रॅम. तेव्हां येथें सुमारें ७१ ग्रॅम लागेल. पाणी गढूळ असल्यास किंवा पावडर जुनी असल्यास इतकी पुरत नाहीं. अशा वेळीं आरोग्यसेवकास विचारावें.

व्यासाविषयीं विशेष जपावें. ३ मीटरांच्या जागीं ३.३ धरले, तर उत्तर शेंकडा २१ नें फुगतें. अर्ध्याऐवजीं सबंध व्यास धरला, तर चौपट होतें! गांवच्या विहिरी क्वचितच नीट गोल असतात, म्हणून दोनतीन दिशांनीं मोजून सरासरी घ्यावी. खोली मात्र दर खेपेस नव्यानें मोजावी.

पावडर बादलींत थोड्या पाण्यांत कालवून मग पाऊण बादली पाणी घालून ढवळावें. पांचदहा मिनिटांत चुना खालीं बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलींत घेऊन ती विहिरींत पाण्याखालीं सोडावी व वरखालीं, आडवी अशी हालवावी. बसलेला चुना विहिरींत ओतूं नये. त्यानें पाणी जड होतें. नंतर निदान एक तासपर्यंत कोणासहि पाणी भरूं देऊं नये. हें काम रात्रीं उरकल्यास कोणाची अडचण होत नाहीं.