बाँडवर लेकराचा फैसला होऊ देऊ नको

लेकी, तू माहेरी आलीस तशी ओसरीवर बैठक बसू लागली. दोन्हीकडचे जाणते म्हणतील, कशाला कोर्टकचेरी, बाँडवर फारकत लिहू अन् मोकळे होऊ. सही करू नको. कोर्टात कारकुनी करत या तुझ्या काकाची नोकरी सरली. असा कागद पदरात बांधून आलेल्या बाया मी बघितल्या. नवऱ्यानं दुसरा संसार थाटलेला, अन् कायद्याच्या लेखी पहिलं लग्न अजून मोडलेलंच नाही.

नोटरीचा शिक्का म्हणजे न्यायाधीशाची सही नव्हे. 1955 चा हिंदू विवाह कायदा आपल्या भोकर-नांदेडकडच्या बौद्ध, जैन, शीख घरांनाही लागू आहे. त्यात रूढीच्या काडीमोडीला जागा आहे, पण ती रूढी जातीत पूर्वापार, अखंड चालत आली हे पुराव्यानं शाबीत करावं लागतं. नुसतं पंचांनी म्हणून भागत नाही.

मला खरी धास्ती त्या कागदातल्या एका ओळीची आहे: लेकरू आई सांभाळील, पण पोटगी मागणार नाही. लेकराच्या पोटगीचा हक्क लेकराचा आहे, तो तुला सोडून देता येत नाही. पंचांना तर मुळीच नाही.

ताब्याचं म्हणशील, तर पाच वर्षांखालचं लेकरू सहसा आईकडं, असं 1956 चा कायदा म्हणतो. त्यापुढं चूक नवऱ्याची की बायकोची याहून लेकराचं भलं कुठं, हे कोर्ट आधी बघतं. म्हणून भांडणाचे पुरावे गोळा करतेस तसे सांभाळाचेही कर. लसीकरणाचं कार्ड, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, शाळेचं बोनाफाईड, पालकसभेला कोण गेलं ते. रागाच्या भरात टीसी काढून शाळा बदलू नको. लेकरू नेहमी राहतं तिथल्या जिल्हा किंवा कौटुंबिक न्यायालयात पालकत्वाचा अर्ज चालतो. म्हणून त्याला कुणी गुपचूप उचलून नेलं तर आठवडे घालवू नको, त्याच दिवशी वकील गाठ.

बापाला लेकरू भेटू दे. मारहाण, दारू, धोका असेल तर वेगळं. तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज कर, त्यात तात्पुरता ताबाही मागता येतो. धोका नसताना भेट अडवलीस तर ते तुझ्याच विरोधात जाईल, अन् लेकराचं काळीज तुटेल ते वेगळंच. न्यायाधीश समजत्या लेकराला चेंबरमध्ये एकटं बोलवून विचारतात. त्याला घरून काही पढवू नको. पढवलेलं लेकरू लगेच ओळखू येतं, अन् ते घरी येऊन रात्रभर झोपत नाही.

पोटगीचा अर्ज लवकर टाक. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये ठरवून दिलं, की पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी अन् दोघांनीही मिळकतीचं शपथपत्र द्यावं. शेतकरी म्हणतो, माझ्याकडं काही नाही. तू सातबारा काढ, सोयाबीन-कापूस विकल्याच्या पावत्या मिळतील तेवढ्या जमव.

दोघं राजी असाल तर संमतीचा घटस्फोट बरा. वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. पुढं सहा महिन्यांची मुदत आहे, ती योग्य प्रकरणात कोर्ट माफ करू शकतं. त्या अर्जात मोघम काही ठेवू नको. दिवाळीचे किती दिवस कुणाकडं, उन्हाळ्याची सुट्टी, फोनची वेळ, शाळेची फी, आजारपणाचा खर्च, सगळं लिहून घे. पुढं परिस्थिती बदलली तर ताब्याचा अन् भेटीचा हुकूम बदलून मागता येतो.

वकिलाच्या पैशासाठी दागिना मोडू नको. 1987 च्या कायद्यानं बाईला, तिची मिळकत कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीचं काम कोर्टातूनच चालतं, नाहीतर 15100 वर फोन लाव. सोमवारी चल, मी येतो सोबत. तोवर बैठकीत कुणी कागद पुढं केला तर एवढंच म्हण, काका वाचतील, मग बघू.