काहिलीतला पाक आणि चार्टवरचा ठिपका

सोमवारी तू गोकुळ शिरगावला मशीन शॉपमध्ये क्वालिटीला लागतेस, पोरी. पुस्तकातली सूत्रं तुला माझ्यापेक्षा चांगली येतात. मी ३५ वर्षं तुकडे मोजले, त्यातलं तुझ्या कामाचं तेवढं सांगतो.

आपल्या गडहिंग्लजकडच्या गुऱ्हाळावर गुळव्या काय करतो ते आठव. पाक काहिलीत उकळत असतानाच थेंब पाण्यात टाकून तो बोटांनी चाचपतो. ढेप बसल्यावर कितीही पारखली तरी पाक हातात राहिलेला नसतो. कंट्रोल चार्ट हे काहिलीजवळचं काम. शेवटच्या टेबलावर बाद माल वेगळा काढायचा ही ढेपेची पारख झाली.

आता नीट ऐक. समज, ४० मिलिमीटरचा बोअर आहे, ड्रॉइंगवर शून्य ते २५ मायक्रॉन जास्त चालतो. तासातासाला लागोपाठचे पाच तुकडे उचललेस. सरासरी १२ मायक्रॉन, रेंजची सरासरी ८. पाचाच्या संचाला गुणक ०.५७७, म्हणजे चार्टवरच्या रेषा १६.६ आणि ७.४. एखाद्या संचाची सरासरी १८ आली की सुपरवायझर म्हणेल, "अजून २५ पर्यंत जागा आहे, चालू दे." तू चालू देऊ नकोस. ड्रॉइंगची मर्यादा गिऱ्हाइकानं ठरवलेली असते, चार्टची मर्यादा मशीननं स्वतः सांगितलेली असते. १८ म्हणजे मशीनचं काहीतरी बदललं. माल बरा असतानाच कारण सापडतं.

याच्या उलट चूक मी केली. नवा असताना तुकडा दोन मायक्रॉन वर आला की ऑफसेट खाली, खाली आला की वर. दिवसभर राबलो आणि मापांचा पसारा वाढवला. ठिपके रेषांच्या आत विखुरलेले असतील तर मशीनला हात लावायचा नाही. मशीनची स्वाभाविक हालचाल वेगळी आणि शोधून काढता येणारं कारण वेगळं, हे वॉल्टर शुहार्टनं १९२४ साली अमेरिकेत टेलिफोनचं सामान बनवणाऱ्यांसाठी मांडलं. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या बोलावण्यावरून १९४७-४८ मध्ये तो भारतातही येऊन गेला.

चार्टवरच्या त्या दोन रेषा तीन सिग्माच्या. त्यांच्याबाहेर विनाकारण ठिपका जायची शक्यता ३७० त एखादी. म्हणून तो गेला की कारण शोध. सगळे आत असूनही आठ ठिपके लागोपाठ मधल्या रेषेखाली आले तरी थांब. नाणं आठही वेळा काट्यावरच पडायची शक्यता २५६ त एक असते. बोअर हळूहळू लहान होत चालला असेल तर आधी इन्सर्टची धार बघ.

मापाआधी तुकडा निवू दे. दहा अंश जास्त गरम असलेला बिडाचा ४० मिलिमीटरचा बोअर चार मायक्रॉनभर मोठा दिसतो. तेवढ्यात तुझी सगळी रेषा हलते. पाळी बदलली, इन्सर्ट बदलला, लाइट गेली, नव्या लॉटचं कास्टिंग लागलं, ते चार्टवरच पेन्सिलनं लिहीत जा. महिन्यानं ठिपका बोलत नाही, ती पेन्सिलची ओळ बोलते.

फाउंड्रीकडून आलेल्या कास्टिंगवरचे ब्लोहोल मोजायचे असतील तर हा चार्ट चालत नाही. तिथं पॉइसनचं गणित. एका कास्टिंगला सरासरी चार, तर चाराचं वर्गमूळ दोन, त्याची तिप्पट सहा, वरची रेषा दहा. खालची शून्यच.

आणि पाळी संपताना सगळे रकाने एकदम भरलेला चार्ट कधी सही करू नकोस. त्यातले ठिपके फार देखणे असतात. एका कारखान्यात असाच देखणा चार्ट भिंतीवर होता आणि गिऱ्हाइकाकडून अख्खा ट्रक परत आला.

पहिल्या दिवशी रेषा आखायची घाई करू नकोस. आधी पाच-पाचाचे २५ संच घे, आकडे झाले तसे लिही, आणि रविवारी घरी आलीस की तो कागद माझ्याकडे घेऊन ये.