दोन याद्या शेजारी जोडताना दर चुकू देऊ नका



फराळाचा व्यवसाय करणाऱ्यांकडे बहुतेकदा दोन याद्या असतात. एक साठ्याची, दुसरी दराची. दोन्ही साध्या टेक्स्ट फाईलमध्ये. आता ऑर्डर घ्यायला दोन्ही शेजारी-शेजारी हव्यात. हाताने जोडायला वेळ कुणाला आहे?

समजा, तुमची 'साठा' फाईल अशी आहे (कोड, माल, किलो):

क०१ चकली ४०
क०२ चिवडा २५
क०३ शेव ३०
क०४ लाडू १५

आणि 'दर' फाईल अशी:

क०१ ४००
क०३ २८०
क०४ ६००

चिवड्याचा दर टाकायचा राहिलाय, बघा. लिनक्स आणि मॅकवर 'पेस्ट' नावाची कमांड असते. ती पहिल्या ओळीला पहिली, दुसरीला दुसरी अशी ओळ चिकटवते. कोड जुळतोय का, हे ती बघतच नाही. म्हणजे चिवड्यासमोर शेवेचा २८० आला! तुमचा खरा दर ३६० असेल, तर २५ किलोच्या ऑर्डरवर २००० रुपये गेले. आणि कमांड एका शब्दाने तक्रार करत नाही.

म्हणून 'जॉइन' वापरा. ती कोड बघून जोडते. अट एकच, दोन्ही फाईली आधी कोडप्रमाणे लावलेल्या हव्यात. ते काम 'सॉर्ट' करते. आपली स्क्रिप्ट चारच ओळींची:

सॉर्ट साठा > साठा१
सॉर्ट दर > दर१
जॉइन साठा१ दर१
जॉइन -व्ही १ साठा१ दर१

(इथे वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत दिलंय. टाइप करताना सगळं इंग्रजी छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत करा.)

तिसरी ओळ चकली, शेव, लाडू आपापल्या दरासह दाखवेल. चिवडा मात्र गायब! कारण जोडीदार मिळाला नाही, तर 'जॉइन' ती ओळ गुपचूप सोडून देते. म्हणूनच चौथी ओळ महत्त्वाची. ज्या मालाला दर सापडला नाही, तेवढाच माल ती दाखवते. तिथे 'क०२ चिवडा २५' दिसलं, की आधी दर भरा, मगच ग्राहकाला भाव सांगा.

एक काळजी घ्या. मालाच्या नावात मोकळी जागा सोडू नका. 'बेसन लाडू' लिहिलंत तर त्याचे दोन रकाने होतील. 'बेसन-लाडू' लिहा.

आजचा गृहपाठ: तुमच्या मालाला आजच कोड द्या. दहा वस्तू असोत की शंभर, प्रत्येकीला एकच कोड, आणि तोच सगळ्या याद्यांत. दुकानात मांडणी बदलली तरी चालेल, कोड बदलायचा नाही. मग दोन याद्या घेऊन ही स्क्रिप्ट चालवून बघा, आणि चौथ्या ओळीत काय निघालं ते आधी तपासा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत हिशोब चोख ठेवा!